ठिणगी, डायनॅमो आणि चाकावरची नभोवाणी

घरी नभोवाणीचा संच लावून एखादे गायन ऐकत बसावे आणि नेमकी विलंबित आलापाच्या वेळी रस्त्यावरून फटफटी जावी, म्हणजे संचातून जो कर्कश तडतडाट उठे, तो मध्यम लहरींच्या काळातील प्रत्येक शहरी घराच्या परिचयाचा होता. गाडी जवळ येई तसा तो वाढे, वळणाआड जाई तसा विरे. पुष्कळांची समजूत अशी असे की, इंजिनाचा धडधडाटच कसा तरी संचात शिरतो. खिडक्या लावून घेतल्या तरी तडतड कमी होत नसे, तेव्हा मात्र गृहस्थ चकित होत. वस्तुस्थिती अशी की, कानाला ऐकू येणाऱ्या इंजिनाच्या ध्वनीशी तिचा काही संबंध नव्हता. रस्त्यावरून जाणारी ती फटफटी स्वतःच एक बिनतारी प्रेषक होती, आणि घरातील संच तिचा संदेश अत्यंत इमानाने ऐकवीत होता.

हे विधान अलंकारिक नाही. हाइनरिख हर्ट्झ याने १८८७-८८ साली जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे विद्युच्चुंबकीय लहरी प्रथम सिद्ध केल्या, त्या वेळी त्याच्या टेबलावर होते काय? एक प्रवर्तन वेटोळे आणि दोन धातुगोलांमधील अरुंद फट. वेटोळ्याने दाब वाढे, फटीत ठिणगी पडे, आणि त्या ठिणगीसरशी लहरी अवकाशात पसरत. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली, ती अशाच ठिणगीच्या बळावर. मार्कोनीने समुद्र ओलांडला तोही ठिणगीनेच. पेट्रोलच्या इंजिनात प्रज्वलनाची जी योजना असते, तिच्यात हीच दोन अंगे आहेत: दाब वाढविणारे वेटोळे किंवा मॅग्नेटो, आणि प्लगच्या टोकाशी असलेली सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट. मधली जाड तार एरियलचे काम विनासायास करते. बिनतारी विद्येने पुढे ठिणगीचे प्रेषक टाकून दिले, कारण ते एका लहरीवर न बोलता सगळ्या लहरींवर एकदम ओरडतात. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेपासून त्यांच्या हकालपट्टीची व्यवस्था झाली. जहाजांवरून आणि किनाऱ्यांवरून ते गेले, परंतु तोपर्यंत रस्त्यावर त्यांची लक्षावधी भावंडे धावू लागली होती.

अशा यंत्रावरच, त्याच्या ठिणगीपासून हातभर अंतरावर, नाजूक श्रवणशक्तीचा संच बसवायचा आणि शेकडो मैलांवरून येणारा क्षीण आवाज ऐकायचा, ही मूळ अडचण होय. चाकावरच्या नभोवाणीचा सारा इतिहास हा पुष्कळ अंशी या अडचणीचा इतिहास आहे. ग्रंथांतून प्रेषकांचे आणि शोधकांचे गुणगान पुष्कळ सापडते. आपलेच वाहन गप्प कसे करावे यासाठी ज्या मेकॅनिकांनी बोटे काळी केली, त्यांच्या वाट्याला मात्र एखादी ओळही क्वचितच येते, हा अन्यायच म्हणावा लागेल.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२१ पासून मोटारींत ग्राहक संच बसविण्याचे प्रयत्न चालविले होते. संच हादऱ्यांनी खिळखिळे होत आणि ठिणगीच्या गोंगाटाने बहिरे होत. नियमित म्हणता येईल अशी व्यवस्था १९२८ च्या एप्रिलात उभी राहिली, आणि तीही एकेरी. मोटारीतील शिपायाने हुकूम ऐकायचा, उत्तर द्यायचे असल्यास जवळचा टेलिफोन गाठायचा. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विनने खाजगी मोटारींसाठी संच विकावयास आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. कर्ज मिळावे म्हणून त्याने एका पेढीवाल्याच्या मोटारीत संच बसवून दिला आणि अर्ध्या तासात ती मोटार पेटली, अशी एक गोष्ट सांगतात. ती कोणास खरी वाटो वा खोटी, त्या काळातील संच बसविणाऱ्यांची धास्ती तिच्यात बरोबर उतरली आहे.

त्या धास्तीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोटारीची बॅटरी ६ व्होल्टांची. व्हाल्व्हचे तंतू तापविण्यास एवढा दाब पुरे. किंबहुना जगभर रूढ झालेला ६.३ व्होल्टांचा तंतुदाब मोटारीच्या तीन घटांच्या बॅटरीवरूनच ठरला. पण व्हाल्व्हच्या पत्र्याला दीडदोनशे व्होल्ट हवेत. ते आणायचे कोठून? आरंभी लोक जादा कोरड्या बॅटऱ्या मोटारीच्या तक्तपोशीखाली ठेवीत. नंतर 'व्हायब्रेटर' आला. त्यात एक बारीक पोलादी जीभ सेकंदाला शंभरावर वेळा थरथरते, बॅटरीचा प्रवाह तोडते-जोडते, आणि त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवितो. युक्ती उत्तम, परंतु प्रवाह तुटतो तेथे ठिणगी आलीच. म्हणजे इंजिनाची ठिणगी कमी होती म्हणून की काय, संचाने आपल्या पोटातही एक बाळगली. जिभेचे स्पर्शबिंदू झिजून चिकटले की संच मुका होई, आणि अनुभवी मेकॅनिक प्रथम त्या डबीवर टिचकी मारून पाही. पुष्कळदा तेवढ्याने संच पुन्हा बोलू लागे. दुरुस्ती ती नव्हेच, पण बिघाडाचे ठिकाण त्यावरून निश्चित कळे.

मोटारीची ही कथा, तर मोटारसायकलीची किती अधिक बिकट असेल हे हिशेबानेच दिसते. ब्रिटिश सैन्याने हिंदुस्थानात आणलेल्या बी.एस.ए. आणि नॉर्टन मोटारसायकलींवर 'मॅगडिनो' असे, म्हणजे ठिणगीसाठी मॅग्नेटो आणि दिव्यांसाठी डायनॅमो हे दोन्ही एकाच बैठकीवर. त्या काळच्या अशा डायनॅमोची ताकद चाळीस ते साठ वॅट. एकटा पुढचा दिवा त्यातील निम्मा भाग खाई. व्हायब्रेटरवर चालणाऱ्या संचाला तीस ते पन्नास वॅट लागत. दिवा आणि संच एकाच वेळी चालविले, तर डायनॅमो पुरा पडणार नाही आणि तूट बॅटरी भरून काढील. रात्रीच्या मुक्कामी तीही रिकामी. त्यातून मॅग्नेटोची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसल्याने बॅटरी मेली तरी गाडी धावतच राही, आणि स्वाराला पत्ता लागे तो दिवे मंद झाल्यावर. युद्धकाळात मोटारसायकलस्वाराने संदेश न्यावा तो कागदावर, खिशात घालून, असेच ठरून गेले होते. बिनतारी संच बंद पडला की फटफटीवाला निघे.

दुसऱ्या महायुद्धाने या विद्येला जी शिस्त लावली ती शांततेच्या दहा वर्षांत लागली नसती. रणगाडा म्हणजे पेट्रोलवर चालणारा, आतून लोखंडी, प्रचंड हादरे देणारा संचाचा पिंजरा. शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारात विमानासाठी बनविलेले नऊ सिलिंडरांचे इंजिन असे, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे अठरा ठिणग्या. त्या अठराही तारा धातूच्या विणीव आवरणात बंद कराव्या लागत आणि ते आवरण जागोजाग सांगाड्याला घट्ट जोडावे लागे. एक जोड सैल झाला तरी शत्रूचा नव्हे, आपलाच आवाज आपल्याला बहिरे करी. ब्रिटिश आणि हिंदी रणगाडा दलांत त्या काळी रूढ झालेला '१९ क्रमांकाचा संच' हा दोन ते आठ मेगासायकलांच्या लहरींवर बोले, आणि त्याच पेटीत रणगाड्यातील माणसांना एकमेकांशी बोलण्याचीही सोय होती.

ही सामग्री घेऊन हिंदी सैन्य ज्या रस्त्याने चालले त्यांत सोलापूर-हैदराबाद रस्ता हा एक. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हैदराबाद संस्थानाविरुद्ध कारवाई सुरू झाली, तिची मुख्य धार याच रस्त्यावर होती, आणि सरहद्द ओलांडल्यावर पहिला जिल्हा लागे तो उस्मानाबाद. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचा हा जिल्हा. २०२३ साली त्याला धाराशिव हे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले. त्या काळी आजचा लातूर जिल्हाही त्यातच होता; तो १९८२ साली वेगळा झाला. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचाच वकील.

नळदुर्गाजवळ बोरी नदी आहे. आदिलशाहीत या नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला आणि आजही पावसाळ्यात तो पाहण्यास लोक जातात. १९४८ च्या सप्टेंबरात महत्त्व होते ते नदीवरील पुलाला. तो उडविला गेला असता तर पावसाने फुगलेल्या नदीकाठी चिलखती गाड्यांचा सगळा तांडा अडकून पडला असता. सातव्या ब्रिगेडने वेग आणि अचानकपणा यांच्या बळावर तो पूल शाबूत हाती घेतला. सकाळी नऊ वाजता चिलखती तुकडी आठ किलोमीटर पुढे जळकोटास पोहोचली, दुपारी सव्वातीनला उमरग्यास. त्याच पहाटे दुसरी तुकडी तुळजापुरावर गेली. तेथे हैदराबादच्या पहिल्या पायदळ पलटणीच्या सैनिकांनी आणि सुमारे दोनशे रझाकारांनी दोन तास झुंज दिली. तेथून लोहाऱ्याकडे सरकणे मात्र जमले नाही, कारण नदीला पूर आला होता.

या चार-पाच नावांमधील अंतरे नकाशावर मोजून पाहावीत. सकाळी एकत्र असलेले सैन्य दुपारपर्यंत साठ-सत्तर किलोमीटरांच्या टापूत विखुरले होते, मध्ये नद्या होत्या, काळ्या मातीचे चिखलाचे रस्ते होते. पूल हाती आला, तुळजापूर पडले, लोहाऱ्याच्या वाटेवर पाणी आहे, असे निरोप मागे पोहोचण्यास बिनतारी संच आणि मोटारसायकलस्वार यांखेरीज तिसरे साधन नव्हते. मोटारसायकलस्वार पुरापुढे थांबतो. संच थांबत नाही, जर त्याची बॅटरी भरलेली असेल आणि त्याच्या गाडीने त्याला ऐकू दिले तर. मराठवाड्यातील भाद्रपद हा शिवाय विजांचा महिना. सायंकाळी ढग जमले की लहरींवर आकाशाचीही तडतड उठते. संचावर बसलेल्या माणसाला पहिला निवाडा हाच करावा लागे, की हा गोंगाट आकाशाचा की गाडीचा?

हा निवाडा करण्याची पद्धत रणगाड्यात शिकविली गेली ती आणि पुढे गावोगावच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानांत रूढ झाली ती, एकच होती. प्रथम इंजिन बंद करावे. गोंगाट तसाच राहिला, तर दोष आकाशाचा, शेजारच्या विजेच्या तारांचा किंवा खुद्द संचाचा. गाडीकडे पाहण्याचे कारण नाही. इंजिन बंद होताच शांतता झाली, तर चोर घरातलाच. मग तो कोणता हे केवळ कानाने ओळखता येते. टक-टक-टक असा तुटक आवाज असून थ्रॉटल वाढविताच त्याची लय वाढत असेल, तर ती प्लगची ठिणगी. शीळ घातल्यासारखा सलग सूर असून इंजिनाच्या वेगाबरोबर तो चढत-उतरत असेल, तर डायनॅमोचे ब्रश. अधूनमधून, काही नियम नसलेला, विशेषतः खड्ड्यात आपटल्यावर होणारा खरखराट म्हणजे सैल जोड. दिवे उजळ-मंद होताना 'कट्' असा आवाज येत असेल तर डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधील कटआउट.

पहिल्या दोहोंची गल्लत झाली तर एक सुंदर परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात आणावी, गिअर तसाच ठेवून ठिणगी तोडावी. इंजिन आता पेट घेत नाही, पण चाके त्याला फिरवीत राहतात आणि त्याच्यासंगे डायनॅमोही फिरतो. अशा वेळी गोंगाट एकदम गेला तर ठिणगी दोषी. शीळ उरली तर डायनॅमो. कसलेही उपकरण न वापरता दोन कारणे इतक्या स्वच्छपणे वेगळी करणारी परीक्षा दुसऱ्या शास्त्रांत फारशी सापडणार नाही.

उपाय त्यामानाने साधे आहेत. प्लगच्या टोपीत पाच ते पंधरा हजार ओहमांचा रोध घातला की ठिणगीचा प्रवाह एकदम उसळत नाही आणि लहरी फेकण्याची तिची शक्ती खचते. पेट घेण्यापुरती ऊष्णता मात्र तिच्यात राहते. डायनॅमोच्या टोकाशी अर्धा ते एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला की ब्रशांची बारीक तडतड तेथल्या तेथे सांगाड्यात जिरते. हा कंडेन्सर डायनॅमोच्या अंगालाच लागलेला हवा; हातभर तार सोडून जोडला, तर ती तारच एरियल बनते आणि मेकॅनिकाला वाटते की कंडेन्सर निकामी आहे. इंजिन रबराच्या बैठकीवर असेल तर त्याला आणि सांगाड्याला विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडावे. रंग खरवडल्यावाचून ती पट्टी बसविली तर ती दिसते आणि काम करीत नाही.

याहून फसवे ते बॅटरीचे प्रकरण. संच मधूनच बंद पडतो, मेकॅनिक मीटर लावतो, मीटर पूर्ण व्होल्ट दाखवितो, आणि संच चालत नाही. मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नसतो. त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण दाब दिसतो. संच चालू करून, प्रवाह वाहत असताना, संचाच्याच टोकांशी मोजले पाहिजे. जोडात एक दशांश ओहमाचा अडथळा असला आणि प्रवाह आठ अँपिअर असला, तर ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. सहातून ही खोट मोठी आहे. अर्थिंगचा जोड याला सर्वांत अधिक बळी पडतो, कारण परतीची वाट म्हणून गाडीच्या सांगाड्यावर विसंबण्याची रीत आहे, आणि सांगाडा पावसात भिजतो, चिखलाने माखतो, गंजतो. जाणते लोक संचाची दोन्ही टोके थेट बॅटरीपर्यंत नेत आणि फ्यूज बॅटरीलगत ठेवीत, म्हणजे वाटेत तार घासली तरी गाडी पेटू नये.

आणखी एक खोडी ब्रिटिश गाड्यांची. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, अमेरिकन व पुढील जपानी गाड्यांत बहुधा ऋण. जुन्या व्हाल्व्हच्या काही संचांना हा उलटसुलटपणा चाले. ट्रान्झिस्टरच्या संचांना मुळीच चालला नाही. जोडल्याबरोबर ते कायमचे गप्प होत, आणि त्यावर टिचकीचा उपाय नव्हता.

नळदुर्ग-उमरग्याच्या रस्त्यावर हे सारे चालले असता त्या जिल्ह्यातील घरांत काय ऐकू येत होते? संस्थानाची स्वतःची नभोवाणी होती. एका खाजगी केंद्रापासून सुरुवात होऊन १९३५ साली निजाम सरकारने ते हाती घेतले, आणि १९३९ साली सरूरनगर येथे मोठे केंद्र उभारले. 'डेक्कन रेडिओ' या नावाने ते प्रसिद्ध होते. मुख्य भाषा उर्दू. तेलुगू, कानडी आणि मराठी यांना थोडा वेळ मिळे. औरंगाबादेसही एक केंद्र होते. दुसरीकडे मुंबईचे केंद्र १९२७ पासून चालू होते आणि १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले होते. धाराशिवच्या श्रोत्याला म्हणजे दोन्ही बाजू एकाच सुईवर, थोड्या अंतराने, उपलब्ध होत्या. गावात वीज नव्हती. संच चालायचा तो बॅटरीवर, पुष्कळदा मोटारीच्याच बॅटरीवर, आणि बॅटरी उतरली की ती भरून आणण्यासाठी तालुक्याच्या नाहीतर त्याहून मोठ्या गावी पाठवावी लागे. तेवढे दिवस घर जगापासून तुटलेले. म्हणून जपून ऐकण्याची सवय लोकांना लागली. बातम्यांची वेळ झाली की संच लावायचा, संपल्या की बंद.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामांनी हैदराबादच्या नभोवाणीवरून शस्त्रसंधी जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. सतरा सप्टेंबर हाच पुढे मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिन ठरला, आणि एका राज्याचा शेवट ज्यांनी प्रथम ऐकला त्यांनी तो ध्वनिवर्धकातून ऐकला. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि सर्वाधिक हानी याच चार जिल्ह्यांत झाल्याचे नोंदविले. तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. संचात कसलाही बिघाड नसताना ही बातमी कोणत्याही लहरीवर आली नाही, हेही या जिल्ह्याच्या नभोवाणीच्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबादची केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली.

पुढील काळात मोटारसायकल आणि नभोवाणी यांची भेट हळूहळू घडली. अमेरिकेत पोलिसांच्या मोटारसायकलींना संचासाठी म्हणून मोठा डायनॅमो बसवू लागले होते. आपल्याकडे भारत सरकारने १९५४ साली सरहद्दीवरील पहाऱ्यासाठी रॉयल एन्फील्ड बुलेटच्या ८०० गाड्या मागविल्या आणि १९५५ पासून मद्रासेत त्यांची बांधणी सुरू झाली. ब्रिटनने ठिणगीच्या उपद्रवावर १९५२ साली कायदेशीर नियम केले, ते मुख्यतः शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचासाठी. खरा बदल ट्रान्झिस्टरने केला. १९४७ साली तो निघाला, आणि दहा-बारा वर्षांत व्हायब्रेटर, तापणारे तंतू, दीडदोनशे व्होल्ट ही सारी मंडळी निवृत्त झाली. संच इतका हलका झाला की गाडीच्या विजेची त्याला गरजच उरली नाही. शेतकरी तो गळ्यात अडकवून बाजारास जाऊ लागला. लहरींची लांबी बदलली तेव्हा उरलीसुरली तडतडही पुष्कळशी गेली. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ साली ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, ती एफ.एम. पद्धत ठिणगीच्या धक्क्यांकडे फारसे लक्ष देत नाही. आकाशवाणीचे धाराशिव केंद्र याच पद्धतीने बोलते.

परंतु गाडीची बॅटरी आणि बिनतारी संच यांचे जुने नाते याच जिल्ह्यात एकदा फार दारुण प्रसंगी उपयोगी पडले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही गावे जमीनदोस्त झाली; दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीखाली गेली. मदतीस आलेल्यांत हौशी बिनतारी संदेशकही होते. या लोकांच्या संचांची रचनाच अशी असते की, ते मोटारीच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालावेत. शंभर वॅटचा असा संच बोलताना सुमारे वीस अँपिअर ओढतो. एक दशांश ओहमाचा तोच जुना अडथळा येथे दोन व्होल्ट गिळतो आणि बोलण्याचे बटण दाबताच संच बंद पडतो. ऐकताना मात्र तो ठणठणीत असतो. ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या जीपचे बॅटरीचे जोड खरवडून साफ करणे, हे कामही मग औषधांची यादी कळविण्याइतकेच तातडीचे होऊन बसते.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर अलीकडे विजेवर चालणाऱ्या दुचाक्याही दिसतात. त्यांत प्लग नाही, मॅग्नेटो नाही. मोटर फिरविण्यासाठी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडला-जोडला जातो, आणि त्या तोडण्या-जोडण्याचे पडसाद मध्यम लहरींवर सलग गुंजनाच्या रूपाने उमटतात. विजेवर चालणाऱ्या मोटारी बनविणाऱ्या काही कारखान्यांनी मध्यम लहरींचा संच काढूनच टाकला, आणि २०२३ साली अमेरिकन काँग्रेसपुढे प्रत्येक मोटारीत तो सक्तीने ठेवावा असे विधेयक आले. रोधाची टोपी येथे बसविता येत नाही, कारण ती बसविण्यास ठिणगीच नाही; तारांवर फेराइटचे मणी, आवरणे आणि गाळण्या लावाव्या लागतात. चावी बंद करून गोंगाट राहतो की जातो हे पाहण्याची पहिली परीक्षा मात्र या गाड्यांवरही जशीच्या तशी चालते.